न काढलेला प्लग

त्याचं खरं नाव लायसनवर असेल तेवढंच. बाकी सगळा रस्ता त्याला कानसेन म्हणायचा. गाण्यातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. त्याचा कान होता तो इंजिनाचा. गाडी कोपऱ्यावरून वळायच्या आत, हातातला पाना खाली न ठेवता तो सांगायचा, "चेन सैल आहे हिची," आणि गाडीवाला उतरून तीच तक्रार सांगायचा. शंका आलीच तर लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचा, मूठ कानाला लावायचा, डोळे मिटायचा. मग जे सांगेल ते खोलून बघायची कोणाची टाप नव्हती. आणि खोललंच तरी तेच निघायचं.

दुसरे मिस्त्री कार्बोरेटरचं काम केलं की गाडी एकदा दामटून आणतात, प्लग काढतात आणि त्याचा रंग बघतात. विटकरी असला तर ठीक. काळा पडला तर पेट्रोल जास्त जातंय, पांढरा पडला तर कमी. शेंबड्या पोरालाही येईल इतकं सोपं. पण कानसेनने पंचवीस वर्षांत असा प्लग बघितला नाही. "त्याला डोळे लागतात, आणि ते सगळ्यांनाच असतात," असं म्हणायचा, आणि बाकावर बसलेली गिऱ्हाइकं हसायची. आता ज्याच्या हाताला यश आहे त्याने थोडं मिरवलं तर मिरवू द्यावं, कोणाच्या पोटात का दुखावं? एवढंच, की असा तोरा एकदा अंगाला चिकटला की काढता येत नाही.

शेडमागेच त्याच्या दोन खोल्या होत्या, मधल्या दाराला पडदा. घरात बायको, आणि तिचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. ताईचं बोट धरून आला तो इथेच वाढला. पोटी मूल नव्हतं, तेव्हा मूल म्हणा, मेहुणा म्हणा, सगळं तोच. आता सव्वीस वर्षांचा होता आणि दवाखान्यांमधून रक्ताच्या नळ्या गोळा करून बर्फाच्या डब्यातून टेकडीवरच्या लॅबमध्ये पोचवायचा. गाडी छोटी, शंभर सीसीची. दाजींनीच जुनी घेऊन नवी करून दिलेली.

कान जायला लागले ते कळलंसुद्धा नाही. आधी मोबाईलची रिंग गेली, मग कुकरची शिट्टी. जाड आवाज राहिले, बारीक सगळे निघून गेले. दोन बस बदलून, ओळखीचं कुत्रंही भेटणार नाही अशा भागात जाऊन त्याने डॉक्टरला दाखवलं. पंचवीस वर्षं सायलेन्सरला कान लावून बसलात, डॉक्टर म्हणाला, गेलं ते परत येणार नाही, मशीन लावा. कानसेनने कागद घडी करून पान्यांच्या पेटीत, तळाच्या फडक्याखाली ठेवला. कानात मशीन घातलेल्या मिस्त्रीकडे गाडी कोण आणणार? आणि तोही कानसेन म्हणवणारा! पोट त्या कानावर चाललं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून तो गप्प बसला.

बायकोला कागद दिसला नव्हता, पण तिला कागदाची काय गरज? पडद्याआडून तीन हाका मारूनही ओ येईना, तेव्हा तिने हाका मारणं सोडलं. समोर येऊन बोलायला लागली. कोणी गिऱ्हाईक तोंडातल्या तोंडात बोललं तर चहा ठेवता ठेवता सहज म्हणायची, "हे म्हणतायत, सकाळी गाडी लवकर चालू होत नाही." एवढं करून विषय कधी काढला नाही. त्यानेही नाही. स्क्रू ड्रायव्हरची मूठ तो कानाऐवजी दातांत धरायला लागला, कारण हाडातून थोडं तरी पोचायचं. बाकावरच्यांना वाटलं, कानसेनने नवीन विद्या काढली.

उघड्या फिल्टरचं कामही त्याने याच दिवसांत सुरू केलं. कंपनी गाडीला हवेसाठी एक बंद डबा देते, छोट्या तोंडाचा. काहीजण तो काढून टाकतात आणि कार्बोरेटरला जाळीचा उघडा फिल्टर लावतात. हवा मोकळी येते, गाडी भर्रकन उचलते, आवाजही दमदार येतो. पूर्वी असं कोणी आलं की कानसेन हाकलून द्यायचा. "इंजिनाला उकडतंय का, खिडकी उघडायला?" म्हणायचा. कारण हवा वाढली की पेट्रोलही वाढवावं लागतं. कार्बोरेटरमधला जेट, म्हणजे सुईएवढ्या भोकाचा पितळी तुकडा, मोठा घालावा लागतो. कमी पडला तर इंजिन कोरडं जळतं, तापतं, आणि भर वेगात पिस्टन जागच्या जागी चिकटतो. मागचं चाक खिळल्यासारखं थांबतं. त्याआधी इंजिन इशारा देतं, नाही असं नाही. चढाला जोर लागला की बारीक टिणटिण वाजतं, कपात चमचा हलवावा तसं.

आणि तरी तो आता आनंदाने उघडे फिल्टर बसवत होता. कारण सांगायला लाज वाटावी असं होतं. त्या गाड्या त्याला ऐकू यायच्या. बाकी गाड्या समोर उभ्या राहून नुसत्या थरथरायच्या, आणि ही एक छातीत घुमायची. पहिला बसवला त्या दिवशी त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्याने ते पेट्रोलच्या वासावर ढकललं.

मेहुण्याने पाहिलं, दाजींचा विरोध मावळलाय. एका सकाळी फिल्टर खिशातून काढूनच समोर आला. "दाजी, टेकडीवर डबा घेऊन चढताना गाडी रडते हो. बर्फ विरघळतो. बसवून द्या ना."

"ताईला विचारलंस?"

"ताई म्हणते, दाजींना कळतं त्यातलं."

त्याने बसवला. हवेचा डबा काढला, फिल्टर क्लिपने आवळला, टिनच्या डबीतून एक नंबर मोठा जेट काढून घातला. दोन नंबर मोठा लागेल का, असं मनात येऊन गेलं. ट्रायलमध्ये कळेल, म्हणाला. शेडसमोरचा रस्ता चढाचा होता. कानसेन स्वतः गाडी घेऊन, रेस पिळून वर गेला. गाडी अशी घुमत होती की त्याला वीस वर्षांनी लहान झाल्यासारखं वाटलं. खाली आला तेव्हा बाकावर चौघं बसले होते, मेहुणा हसत होता, आणि बायको पडदा धरून दारात उभी होती.

"प्लग बघायचा का, दाजी?" मेहुण्याने विचारलं. चेष्टेत नाही, खरंच विचारलं. दुसऱ्या गॅरेजमध्ये बघतात, त्याने पाहिलं होतं.

कानसेनचा हात प्लगच्या पान्याकडे गेला. दोन मिनिटांचं काम. पण बाकावरचे चौघं आता त्या हाताकडे बघत होते. त्याने पाना उचलला, पुसला आणि पेटीत टाकला.

"का रे, माझे कान गेले असं वाटतं का तुला?"

चौघं हसले. मेहुणाही हसला. बायको काहीतरी बोलायच्या बेतात दिसली, मग पडदा सोडून आत गेली. मेहुण्याने बर्फाचा डबा मागे बांधला, "येतो ताई," म्हणाला आणि निघाला. साडेदहा वाजले होते.

टेकडीच्या शेवटच्या चढावर मागचं चाक थांबलं. मागून ट्रक येत होता. नळ्या फुटून रस्ताभर रक्त पसरलं, आणि जमलेल्या माणसांना वाटलं ते सगळं एकट्या त्याचंच आहे. कानसेन पोचला तेव्हा एकजण त्याला हेच पुन्हा पुन्हा सांगत होता, किती रक्त होतं म्हणून. बाकी काय चाललंय ते त्याला ऐकू येत नव्हतं. नुसती तोंडं हलताना दिसत होती.

ट्रकवाल्याचं चुकलं, लोक म्हणाले. पोरं गाडी जपून चालवत नाहीत, म्हणाले. दाजींनी लेकरासारखा वाढवला हो त्याला, असंही म्हणाले, आणि ते ऐकून कानसेनला जमीन फाटून आत जावंसं वाटलं. एकाने तरी विचारायला हवं होतं, मिस्त्री कोण होता? कोणी विचारलं नाही.

दहा दिवसांनी पोलिसांनी गाडी सोडली. टेम्पोतून शेडमध्ये उतरवली. बाक रिकामा झाल्यावर कानसेन खाली बसला आणि त्याने पहिल्यांदा प्लग काढला. खडूसारखा पांढरा. मग सिलेंडर खोलला. पिस्टन एका बाजूने खरवडून चिकटला होता, हातोडीने ठोकून काढावा लागला. काय ऐकायला हवं होतं ते त्याच्या हातात होतं.

बायको चहा घेऊन आली. त्याने कप घेतला नाही. पेटीच्या तळातून डॉक्टरचा कागद काढला, प्लगशेजारी ठेवला आणि म्हणाला, "ट्रक निमित्त झाला. मी मारला त्याला. मला ऐकू येत नाही. तीन वर्षं झाली."

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"नाही, ऐक. ट्रायलला गाडी टिणटिणत असणार. असणारच. मला ती..."

"टिणटिणत होती." ती त्याच्यासमोर खाली बसली, त्याला तोंड दिसेल अशी. "इतकी वर्षं या पडद्यामागे काढली. मला कळत नाही का तो आवाज? तुम्ही वर जाताना ऐकला मी. चार माणसांत तुम्हाला कसं बोलू, म्हणून आत गेले. जेवायला बसाल तेव्हा सांगेन म्हटलं."

ती हळूच बोलली होती. त्याला शब्द न् शब्द ऐकू आला. जेवणाची वेळ व्हायच्या आधीच निरोप आला होता, हे दोघांनाही सांगायची गरज नव्हती. चहावर साय धरली तरी दोघं तिथेच बसून राहिले.

आता त्याला कोणी कानसेन म्हणत नाही. कानात मशीन आहे, गिऱ्हाईक निम्म्यावर आलंय. बाक बहुतेक रिकामाच असतो. उघडा फिल्टर तो कोणालाही बसवून देत नाही. कार्बोरेटरला हात लागलेली गाडी चढावर नेऊन आणतो, इंजिन बंद करतो, सगळ्यांदेखत प्लग काढतो, फडक्यात धरतो आणि पडद्याकडे बघतो. ती बाहेर येते, प्लग उजेडात धरून रंग बघते. तिने मान डोलावली तर तो परत लावतो. नाही डोलावली तर तो पुन्हा खाली बसतो आणि डबीतून दुसरा जेट काढतो.