स्क्रोल लॉकचा स्विच

सिडकोत कीबोर्ड दुरुस्तीचं दुकान चालवणारा एक सटाण्याकडचा माणूस काहीही उघडण्याआधी डोळे मिटून बटणं दाबत बसतो. आपण घाई केली की म्हणतो, “थांबा ना भाऊ, आधी ऐकू तर द्या.”

घशाच्या ऑपरेशननंतर आमची आई टाइप करूनच बोलते. परवा तिच्या कीबोर्डचं एक बटण दाबलं की अक्षर दोनदा उमटू लागलं. वैतागून तिने बोलणंच सोडलं. मग मी त्याला घरी बोलावलं.

त्याने त्या बटणाखालचा स्विच काढून शेजारच्या बटणाखाली बसवला आणि शेजारचा इकडे. खोड स्विचबरोबर तिकडे गेली. “बोर्ड चांगला हाय,” म्हणाला आणि स्क्रोल लॉकचा स्विच उपसून बिघडलेल्या स्विचच्या जागी बसवला. “ते बटण जन्मात कोणी दाबत नाय, मावशी.”

तपासायला मी हात पुढे केला, पण त्याने कीबोर्ड आईपुढे सरकवला. तिने लिहिलं, “चहा घेणार?”

आईला नीट ऐकू येतं, तरी सगळे तिच्याशी ओरडूनच बोलतात. याने मात्र कीबोर्ड स्वतःकडे ओढून लिहिलं, “हो. साखर कमी.”

आई खांदे हलवत हसली. त्याचे आभार म्हणून चहा मीच केला. कप घेऊन बाहेर आलो, तरी कीबोर्ड दोघांमध्ये इकडून तिकडे सरकतच होता. त्याला दुकान उघडायचं होतं, पण घाई कुणालाच नव्हती.