लुसीमावशींचा ईस्टर

लुसीमावशींनी ओट्यावरून बालवाडीतल्या पोराला दटावलं, की गल्लीच्या टोकाचा पानवालासुद्धा मान वर करायचा, इतका त्यांचा आवाज मोठा. मलकापुरातल्या आमच्या गल्लीत ख्रिस्ती घर त्यांचं एकटंच. निम्मी गल्ली त्यांच्या ओट्यावर अक्षरं गिरवून मोठी झाली. मी झालो, त्यांचा मुलगा प्रकाशही झाला.

गुड फ्रायडेला त्या आमच्याकडे टीव्ही बघायला यायच्या. येशूवरचा सिनेमा लागायचा. चाबूक, काटे, रक्त. माझी आई डोळे पुसायची. मावशी शेवटपर्यंत बसायच्या आणि उठताना म्हणायच्या, "तीन तास मारलं त्याले, आन् उठवलं अर्ध्या मिनिटात. आमचा सन तर त्या अर्ध्या मिनिटाचा आहे." पेपरात 'गुड फ्रायडेच्या हार्दिक शुभेच्छा' छापून आल्या, ईस्टरला ससे आणि रंगीत अंडी आली, तरी त्या नुसत्या हसायच्या. "छापू दे बे. त्यायले कोन सांगन?"

प्रकाश कॉलेजात असताना काविळीने गेला. तेव्हापासून ईस्टरच्या पहाटे मी मावशींना स्कूटरवर कब्रस्तानात नेऊ लागलो. त्यांच्या चर्चची मंडळी मेणबत्त्या घेऊन जमायची. पाळक म्हणायचे, "प्रभू उठला आहे!" सगळे उत्तर द्यायचे, "खरोखर उठला आहे!" मग मावशी प्रकाशच्या कबरेशी जाऊन, शाळेसाठी उठवायच्या तशीच हाक मारायच्या, "प्रकाश, ऊठ बे, सकाळ झाली."

एकदा मी विचारलं, "मावशी, खरंच उठेल?"

"आज नाही. पन ज्या दिवशी उठन, त्या दिवशी माहा आवाज ओळखू आला पाह्यजे ना त्याले."

तीनेक वर्षांपूर्वी मोबाइलवर बातम्यांचा चॅनल चालवणारा एक तरुण ईस्टरला कब्रस्तानात आला. सणाची बातमी करतो म्हणाला. मावशींनीच त्याला चहा पाजला. संध्याकाळी क्लिप गावभर फिरली. पडद्यावर अंधार, भुताच्या सिनेमातलं संगीत, आणि मावशींची ती हाक पुन्हा पुन्हा. वर मथळा, 'कब्रस्तानात मृतांना जिवंत करण्याचा प्रकार?' प्रार्थना कापलेली, पाळक कापलेले.

आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो. तो म्हणाला, "मावशी, प्रश्नचिन्ह टाकलं ना आमी."

"मंग पुरं दाखव ना, बाबू."

"पुरं कोनी पाहत नाही."

आठवडाभरात बालवाडी ओस पडली. जिला लहानपणी मावशींनी अक्षरं शिकवली होती, ती एका पोरीची आईच ओट्याखाली उभी राहून म्हणाली, "बाई, राग नका मानू. सासू म्हनते, पोरीले तिकडं पाठवू नको." एका सकाळी ओट्यावर टाचण्या टोचलेलं लिंबू सापडलं. मावशींनी ते उचलून नालीत टाकलं आणि ओटा धुतला.

पुढच्या ईस्टरला मंडळीने कब्रस्तानात जायचं नाही असं ठरवलं. चर्चमध्येच, दार लावून प्रार्थना झाली. सगळ्यांनी उत्तर दिलं, मावशींचे ओठ हलले नाहीत. परतताना मी म्हणालो, "आपण दोघंच जाऊ कब्रस्तानात?"

"नको. तुलेबी याच गल्लीत राहाचं आहे."

त्या हिवाळ्यात त्या गेल्या. त्यांना प्रकाशशेजारी ठेवलं. गल्लीतून आई आणि मी, दोघंच होतो.

परवा खामगावला एका लग्नाच्या पंगतीत शेजारच्याने मोबाइल पुढे केला. "हे पाहा, तुमच्या मलकापूरची भूतवाली बाई."

"त्या माझ्या बाई होत्या," मी म्हणालो. "मला लिहायला त्यांनी शिकवलं."

"असं का?" म्हणत त्याने अंगठ्याने पुढचा व्हिडिओ वर सरकवला.