तोक्तोसुनबाबांच्या दोनशे बारा जोडण्या

बुरुलसुन म्हणजे शांत बाई, असं म्हणणाऱ्यांनी तिला त्या जानेवारीतल्या सकाळी बघायला हवं होतं. बिश्केकचे रस्ते गोठलेले, माणसं धडाधड पडत होती, आणि आमच्या रुग्णवाहिका केंद्रात सगळ्यांच्या पडद्यावर एकच: जोडणी तुटली.

माझ्या कानाशी फोनवर एक बाई रडत होती. नवऱ्याच्या छातीत कळ आलेली. पत्ता मी कागदावर लिहिला, पण मोकळी गाडी जवळ कुठे आहे, हे सर्व्हरशिवाय कळणार कसं?

"बुरुलसुनताई, माणूस मरेल गं!" मी ओरडले.

"ओरडून सर्व्हर चालतो का? गप बस."

वीस वर्षं सर्व्हर तीच सांभाळते. सकाळपासून दोनदा बंद करून चालू केला होता. दहा मिनिटं धड, की पुन्हा ये रे माझ्या मागल्या. आता तिने जोडलेल्यांची यादी उघडली आणि पांढरीफटक पडली. सर्व्हरवर एकूण जागा तीनशे, त्या भरल्या की बाकीचे बाहेर. त्यातल्या दोनशे बारा एकट्या तोक्तोसुनबाबांच्या नावावर!

बाबा आमचे निवृत्त साहेब. तिला हे काम त्यांनीच शिकवलं. मानाने दिलेल्या वरच्या खोलीत रोज येऊन वर्षभराचा अहवाल उघडून बसतात. गर्दीत उत्तर आलं नाही की त्यांचा संगणक दर दोन सेकंदांनी नवी जोडणी मागतो आणि जुनी सोडत नाही. इतरांच्या अशा पडून राहिलेल्या जोडण्या सर्व्हर आपोआप तोडतो. बाबांच्या तोडायच्या नाहीत, हा नियम बुरुलसुननेच घातलेला. आमच्यात थोरल्याने दुआ देऊन तोंडावरून हात फिरवल्याशिवाय ताटावरून कुणी उठत नाही. मग थोरल्यालाच उठवायचं कुणी?

"वर जाऊन विचारते," ती म्हणाली.

"विचारत बस! तोवर तो माणूस जाईल!"

ती खुर्चीत परत बसली. तिने नियम पुसला आणि सगळ्या दोनशे बारा तोडल्या. पडदे उजळले. मोकळी गाडी त्या बाईच्या मागच्याच गल्लीत उभी होती.

दुपारी कळलं, माणूस वाचला. मग मला बरोबर घेऊन ती वर गेली.

"बाबा, मी तुम्हाला तोडलं," म्हणाली, आणि सगळं सांगितलं.

"किती दिवस मी अडवून बसलोय?"

"आठवडा झाला असेल. तुम्ही अहवाल उघडलात की सर्व्हर रखडतो, हे आम्हाला दिसत होतं."

"आणि एकानेही तोंड उघडलं नाही?"

बाबांनी चहाची वाटी ठेवली, तळवे उघडून दुआ पुटपुटली, चेहऱ्यावरून हात फिरवला. "उठा आता, पोरींनो," म्हणाले, आणि पहिले स्वतःच उठले. संगणक आपल्या हाताने बंद केला. बुरुलसुन त्यांची टोपी घेऊन दारापर्यंत मागे मागे गेली, आणि मला मेलीला रडू आवरेना.