भावोजींची राणी मुंगी

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला माहीत नाही अशी गोष्ट जगात असेल, पण ती अजून त्यांच्यासमोर यायची आहे. मुंबईत मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त होऊन त्यांनी आरे-वारेच्या रस्त्याला बंगला बांधला आणि तेव्हापासून कोकणातल्या माणसांना कोकण समजावून सांगू लागले. माडाला खत कधी घालावं, बांगडा कुठल्या दिवसांत खावा, जांभ्याच्या भिंतीला गिलावा का करू नये. ऐकणाऱ्याचा जन्म माडांखाली गेलेला असला तरी त्यांना फरक पडत नसे.

मागच्या पावसाळ्यात त्यांची नजर मुंग्यांकडे वळली. मोबाईलवर कुणीतरी परदेशी गृहस्थ काचेच्या पेटीत मुंग्या पाळतो हे त्यांनी पाहिलं, आणि आठवड्याभरात तशी पेटी घरी आली. आता राणी तेवढी हवी होती. आषाढात दोन दिवस उघडीप पडली तेव्हा संध्याकाळी त्यांचा फोन आला, "राणी सापडली. ये बघायला."

मी गेले. स्टीलच्या डब्यात वाळवीचं पाखरू होतं.

"भावोजी, ही मुंगी नव्हे. वाळवी आहे."

"पंख दिसत नाहीत का तुला?"

"पंख वाळवीलाही असतात. पण हिचे चारही सारखे आहेत. मुंगीचे पुढचे मोठे, मागचे लहान. आणि मुंगीला कंबर असते. हिला कुठाय?"

त्यांनी माझ्याकडे न बघता ताईकडे बघितलं, जणू चूक तिचीच होती. दोन दिवसांनी दुसरी राणी सापडली. तो नर होता. सडपातळ, एवढंसं डोकं. दोन दिवसांपेक्षा जास्त जगायचा नाही, असं मी सांगितलं. "बघू," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो काचेत उताणा पडला होता.

खरी राणी मला सापडली, आणि तीही त्यांच्याच दारात. मी निघताना पायरीवर चपला घालत होते. भिंतीच्या कडेनं एक जाडजूड काळी मुंगी घाईघाईनं कुठेतरी शिरायला जागा शोधत होती. नेहमीच्या मुंगळ्याच्या दीडपट. ताईची औषधाची रिकामी बाटली मागून घेतली आणि तिला आत घेतलं. पाठीचा फुगीर उंचवटा, मोठं पोट, आणि पाठीवर पंख गळून गेल्याच्या खुणा. शंकाच नव्हती.

"हिला तर पंखच नाहीत," भावोजी म्हणाले. ज्या माणसानं पंख बघून वाळवीला राणी केलं होतं, त्याला आता पंखांशिवाय राणी चालेना.

"मीलन झालं की ती स्वतःच पंख टाकते. पंख नाहीत म्हणूनच ही कामाची."

मग मी माझ्याकडची एक टेस्ट ट्यूब आणून दिली. तळाशी पाणी, त्यावर कापसाचा घट्ट बोळा, मग राणी, तोंडाशी पुन्हा कापूस. सगळं चपलांच्या खोक्यात, अंधारात. "महिनाभर उघडायचं नाही. हलवायचं नाही. खायला द्यायचं नाही."

"उपाशी मारायची?"

"उडायचे स्नायू आता तिला लागत नाहीत. ते जिरवून ती पहिली पिल्लं वाढवते."

ते हसले. "कॉलेजात बाटल्या धुता धुता बरंच शिकलीस की!"

मी कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात बत्तीस वर्षं परिचर होते. बाटल्या धुतल्या, हे खरं आहे. पदव्या मिरवणाऱ्यांनी चुकीची नावं चिकटवलेल्या बाटल्यांवर बरोबर नावं चिकटवली, हेही खरं आहे. पण ते मी त्यांना सांगितलं नाही. त्यांना समजावून सांगण्यात शब्द खर्चायची मला इच्छा नव्हती.

खोकं तीन दिवससुद्धा बंद राहिलं नाही. येईल त्या पाहुण्याला चहाआधी राणी दाखवली जाई. मोबाईलचा टॉर्च मारून, नळी हातात उभी आडवी करून. मधाचा थेंब आत गेला, त्यात तिचे पाय चिकटले. तिनं घातलेली चार अंडी एका सकाळी दिसेनाशी झाली.

"खाल्ली तिनं. घाबरली की खाते," मी म्हटलं.

"निकृष्ट वाण आहे," भावोजी म्हणाले.

पुढल्याच आठवड्यात ते मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी मुलाकडे मुंबईला गेले आणि दोन महिने तिथेच राहिले. निघायच्या आधी ताईनं खोकं गुपचूप माझ्या पिशवीत घातलं. "घेऊन जा गं. मला बघवत नाही."

मी राणीला ओल्या कापसावर चालवून तिच्या पायांचा मध पुसून काढला, नवी नळी केली आणि गोधड्यांच्या कपाटात ठेवून दिली. तीन आठवडे हात लावला नाही. पहिल्यांदा बघितलं तेव्हा अंड्यांचा पांढरा पुंजका होता आणि त्याला चिकटून दोन गुबगुबीत अळ्या. नंतर तांदळाच्या दाण्यांसारखे कोश दिसले. दीड महिना होऊन गेल्यावर एका दुपारी कपाट उघडलं तर राणीच्या पोटाखाली तीन कामकरी मुंग्या होत्या. फिकट, बारीक, पाय टाकायलाही भिणाऱ्या. मी जमिनीवर बसले आणि एकटीच मोठ्यानं हसले. मग साखरपाण्याचा थेंब आणि मारलेल्या डासाचा तुकडा आत सरकवला.

मुंग्या झाल्याचं ताईकडून कळलं होतं, त्यामुळे भावोजी परतले ते व्याख्यान ठरवूनच. जवळच्या शाळेत, विषय 'माझ्या मुंग्या'. त्यांनी नळी मागितली, ताईचं तोंड बघून मी दिली. व्याख्यानाच्या दिवशी ताई पुढच्या रांगेत बसली, मी मागच्या बाकावर. माईक हातात घेऊन ते बोलले अर्धा तास. राणी पकडली त्यांनी, ओळखली त्यांनी, रात्रंदिवस जागून वाढवली त्यांनी. जागून! तेव्हा डोळ्यांवर हिरवी पट्टी बांधून मुलाच्या सोफ्यावर पडले होते.

पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं विचारलं, "सर, राणीला पंख का नाहीत?"

"मी कापले. नाहीतर उडून गेली असती."

मुलीनं ते वहीत लिहायला घेतलं. ते मात्र मला सहन झालं नाही. मी उभी राहिले. "लिहू नकोस बाळ. तिचे पंख कुणी कापले नाहीत. तिनं स्वतः टाकले. आता तिला उडायचं नाही, घर करायचं आहे."

भावोजी माईकमध्ये हसले. "या आमच्या मेहुणीबाई. कॉलेजात बाटल्या धुवायच्या, त्यामुळे त्यांना वाटतं..."

मोठी माणसं हसली. मुलं हसली नाहीत. ती मुलगी माझ्याकडे वळून बघत होती. मी पुढे गेले, टेबलावरची नळी उचलली, रुमालात गुंडाळली आणि पर्समध्ये ठेवली.

"अगं, माझं संपलेलं नाही!"

"तुमचं चालू द्या, भावोजी. मुंग्या काही तुमच्या बोलण्यात नव्हत्याच."

बाहेर येऊन रिक्षा केली. राग आला होता. राग त्यांचा नव्हता. अशा माणसावर रागावायचं म्हणजे त्याला भाव देणं. राग माझाच होता. ताईकडे बघून इतकी वर्षं चारचौघांत मी त्यांच्या प्रत्येक मूर्खपणावर मान डोलवत आले होते.

संध्याकाळी ताईचा फोन आला. "ते फार चिडलेत. म्हणतात, घरात पाय ठेवायचा नाही."

"बरं."

मग ती हळूच म्हणाली, "लिहिलेलं खोडलं तिनं. त्या पोरीनं. मी बघितलं."

भावोजी आता मधमाश्यांकडे वळलेत म्हणे. मुंग्यांसाठी आणलेल्या काचेच्या पेटीत ताई लसूण ठेवते. मी त्या बंगल्यात गेले नाही, आणि जायची इच्छाही नाही. मुंग्या चाळीसच्या वर झाल्यात, त्यांना मी प्लास्टरचं घर करून दिलं. ताई मंगळवारी बाजाराचं निमित्त करून येते, चष्मा पुसते, आणि मुंग्यांना अंधार वाटावा म्हणून लावलेलं लाल कागदाचं झाकण बाजूला करून बराच वेळ बघत बसते. मधेच विचारते, "ही आता काय करतेय गं?" मला माहीत असेल तर सांगते. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणते.