‘सकाळपासून सांगा’ म्हणणाऱ्या डॉक्टरबाई

डॉ. शरदिनी देवतळे यांची आणि माझी पहिली ओळख झाली ती त्यांच्या रागातून. रक्तविकारांचं शिक्षण संपवून मी नागपूरहून जबलपूरच्या रुग्णालयात रुजू झालो, त्याच आठवड्यात बाईंनी माझा एक केसपेपर माझ्यासमोर धरला. "व्यवसायाच्या रकान्यात ‘निवृत्त’ लिहिलंत. हा काय व्यवसाय झाला? माणूस दिवसभर करतो काय?" त्या फुप्फुसरोग विभागाच्या प्रमुख. मला वाटलं, बाई उगाच खुसपट काढताहेत.

बाईंची पद्धतच तशी होती. रुग्ण खोकत आला, की त्या खोकल्याबद्दल शेवटी विचारत. आधी म्हणत, "सकाळपासून सांगा." उठल्यापासून झोपेपर्यंतचा सगळा दिवस रुग्णाने सांगायचा आणि आम्ही तो त्याच्याच शब्दांत लिहून घ्यायचा. बाहेर रांग हलत नसे. आम्ही कुरकुरायचो, आणि खरं सांगायचं तर ती कुरकुर अगदीच खोटी नव्हती.

त्यानंतर काही महिन्यांनी रामभाऊ आले. संरक्षण कारखान्यातून निवृत्त झालेले, पनागरजवळ घर. त्यांना सावकाश वाढणारा ल्युकेमिया होता आणि मी त्यांना नव्या प्रकारची, थेट कर्करोगाच्या पेशींवर नेम धरणारी गोळी सुरू केली होती. रक्ताचे आकडे झकास सुधारले. मी खुशीत म्हणालो, "काका, ही केमो नाही, साधी गोळी आहे. निर्धास्त कामाला लागा." आणि रकान्यात पुन्हा ‘निवृत्त’ लिहिलं. काय म्हणावं मला!

हिवाळ्यात ते ताप आणि खोकला घेऊन आले. फुप्फुसात डाग होते. आपल्याकडे असा डाग दिसला, की हात आधी क्षयाच्या औषधांकडे जातो. थुंकीत क्षयाचे जंतू सापडले नव्हते, तरी माझाही गेला. चिठ्ठी लिहिली, पण हाती देण्याआधी केवळ रिवाज म्हणून मी रामभाऊंना बाईंकडे दाखवायला नेलं. रामभाऊंना धड दोन वाक्यंही सलग बोलवत नव्हती. त्यांच्या पत्नी सुमनकाकू पदराचं टोक चुरगळत उभ्या होत्या.

बाई म्हणाल्या, "रामभाऊ, खोकला मंग पाहू. सकाळी उठल्यापासून काय काय करून राहिले, ते सांगा."

"अच्छा, चहापासून?"

"चहापासून."

चहा झाला, पूजा झाली. मग ते सहज बोलून गेले, "मंग थोडं मटराचं पाहतो."

"मटराचं म्हणजे?"

वाडीतल्या मटाराची टरफलं आणि वेल मागच्या खड्ड्यात कुजवून ते खत करत होते. दर सकाळी तो ढीग फावड्याने वर-खाली करायचा. धूर उठल्यासारखी भुकटी उडते म्हणाले.

बाईंनी माझी चिठ्ठी बाजूला सारली. कुजत्या ढिगातून उडणारी ती भुकटी म्हणजे बुरशीचे कण. ती गोळी कर्करोगाला आवरते, पण बुरशीशी लढणाऱ्या पेशींनाही लुळं करते. आकडे चांगले असले म्हणून फुप्फुस सुरक्षित नसतं. हे मी पुस्तकात वाचलं होतं. बाईंनी ते खड्ड्यात शोधलं. दुर्बिणीने फुप्फुस धुऊन काढलेल्या पाण्यात बुरशीच निघाली. बुरशीवरच्या औषधाने गोळीचा रक्तातला जोर वाढतो, म्हणून बाईंनी मला गोळी थांबवायला लावली. आता एकीकडे बुरशी, दुसरीकडे मोकाट सुटू शकणारा ल्युकेमिया. बाई रोज दोनदा येत. काकूंनी ग्वारीघाटला नर्मदेत दिवा सोडायचा नवस बोलला, तेव्हा बाई म्हणाल्या, "जरूर सोडा. पण तुम्ही एकट्याच जा, यांना गर्दीत नेऊ नका." काकू कितीतरी दिवसांनी हसल्या.

रामभाऊ वाचले. घरी जाण्याच्या दिवशी बाई मला त्यांच्या खाटेपाशी घेऊन गेल्या आणि स्वतः एक पाऊल मागे सरल्या. काय करायचं ते मला कळलं. "काका, कामाला लागा, असं मीच म्हणालो होतो. चुकलं माझं."

"अरे डॉक्टरसाहेब, तुम्ही काम विचारलं असतं तरी मी कारखानाच सांगितला असता. मटराचं तं घरचं काम. ते काहून सांगू?"

ते असं म्हणाले म्हणून माझी चूक काही पुसली गेली नाही. पुढे सर्व डॉक्टरांच्या बैठकीत बाईंनी ही केस मांडली. माझं नाव येणार म्हणून मी मान खाली घालून बसलो होतो. बाई म्हणाल्या, "इथे आमची चूक झाली." त्या चुकीत बाईंचा कणभरही वाटा नव्हता.

आज त्यांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांच्यासाठी निरोगी दीर्घायुष्य मागतो, पण ही मागणी निव्वळ निःस्वार्थ आहे असं म्हणणार नाही. आज मी इतरांना शिकवतो. परवा माझ्या हाताखालच्या एका मुलीच्या हातून चूक झाली. बैठकीत उभा राहिलो, ‘आमची चूक’ म्हणायचं होतं आणि तोंडून ‘तिची’ निघून गेलं. बाई, खूप जगा. माझं शिकणं अजून झालेलं नाही.