खडूच्या चौकटीतली शेजारची जागा

२२ फेब्रुवारी, शनिवार, सकाळचे अकरा. ठिकाण उद्यमनगरातलं गॅरेज. रक्कम एक्केचाळीस हजार पाचशे. त्यात चार स्प्रिंग, चार शॉकअप आणि मजुरी. हजर तिघं: मी, मिस्त्री आणि माझे वडील.

आबांना मीच बरोबर नेलं होतं. तेहतीस वर्षं त्यांनी एस.टी. चालवली, त्यामुळे गाडीतलं त्यांना कळतं. दीड वर्षापूर्वी त्यांच्या कमरेचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांना व्यायामासाठी दवाखान्यात सोडायचं काम माझ्याकडे आहे.

गाडी नऊ वर्षांची, साधी, घरातली एकुलती एक. रोज तिच्यातूनच शिरोलीला फाउंड्रीत जातो. महिन्यातल्या एका रविवारी आम्ही काही हौशी लोक एका मोकळ्या मैदानावर जमतो. प्लास्टिकचे शंकू मांडलेले असतात, त्यांच्यामधून एकेकानं गाडी काढायची आणि वेळ नोंदवायची. शंकू पडला की दोन सेकंद दंड. माझी वेळ अठ्ठेचाळीस पूर्णांक सहा सेकंद होती. वळणावर गाडी फार कलायची, म्हणून सस्पेन्शन बदलायचं ठरवलं. महिनाभर तीन सेटची तुलना कागदावर मांडली: किंमत, कडकपणा, गाडी किती खाली बसणार. मनात सगळ्यात कडक सेट भरला. तो घातला की गाडी चाळीस मिलिमीटर खाली येते.

मिस्त्रीची एक पद्धत आहे. हत्यार उचलण्याआधी तो फरशीवर खडूनं गाडीची चौकट काढतो, आत सीटांचे चौकोन काढतो आणि म्हणतो, माणसं सांगा. कुठं कोण बसतं, त्याचं वजन किती, त्यावरून तो स्प्रिंग ठरवतो. आदल्या आठवड्यात माझ्यासमोरच त्यानं एकाला हाच सेट नाकारला होता. "घरात म्हातारं माणूस हाय न्हवं? मग ह्यो नगो. टाळकं हालंल त्येंचं." त्यामुळे काय उत्तर द्यायचं ते मी घरूनच ठरवून निघालो होतो.

"बोला सायेब, कोण कोण बसतंय?"

"मी."

"किती?"

"एक्क्याऐंशी किलो."

त्यानं माझ्या चौकोनात ८१ लिहिलं. "आन् शेजारी?"

"कोण नाही. एकट्याचीच गाडी हाय."

आबा जुन्या टायरच्या चवडीवर बसले होते, माझ्यापासून चार फुटांवर. मिस्त्रीनं खडू तसाच धरून त्यांच्याकडे बघितलं.

"मग ह्ये पावणं?"

"ते आज नुसते आलेत."

"व्हय," आबा म्हणाले. "आज नुसता आलोय."

मिस्त्रीनं शेजारच्या चौकोनात फुली मारली.

रविवारी माझी वेळ सत्तेचाळीस पूर्णांक दोन आली. मी ती घरी सांगितली, फाउंड्रीत सांगितली, दूधवाल्यालाही सांगितली. मंगळवारी आबांना दवाखान्यात नेलं. वाटेत अकरा स्पीडब्रेकर. प्रत्येकावर त्यांनी दोन्ही तळवे सीटवर टेकून अंग वर उचलून धरलं. दारात उतरताना ते दोनदा उठू गेले आणि दोन्ही वेळा परत सीटवर बसले. मला ते दिसलं. मी मोबाईलमध्ये बघत राहिलो, कारण त्यांच्याकडे बघितलं असतं तर उतरून हात द्यावा लागला असता, आणि हात दिला असता तर कशामुळे ते मान्य करावं लागलं असतं. तिसऱ्या खेपेला दाराची चौकट धरून ते उठले.

शुक्रवारी म्हणाले, "डॉक्टरनी चालाय सांगितलंय. मी जातो माझा."

मी बरं म्हटलं. पाच आठवडे तसंच चाललं. ओतीव लोखंडाच्या भागांची मापं तपासणं हे माझं रोजचं काम, अर्ध्या मिलिमीटरचा फरक असला तरी माल परत पाठवतो. दवाखाना घरापासून साडेचार किलोमीटर आहे. ऑपरेशन झालेला चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस एवढं चालतो का, हे मी तपासलं नाही.

एका शुक्रवारी कामावरून लवकर सुटलो. दसरा चौकात सिग्नलला थांबलो होतो. समोर सिटी बस उभी राहिली आणि तिच्यातून आबा उतरले, पाठमोरे, दांडा धरून, एकेक पाय खाली टाकत. कंडक्टर ओरडत होता, "दमानं आबा, गाडी कुटं पळत न्हाय!"

मी पुढे जाऊन गाडी कडेला घेतली आणि काच खाली केली. "आबा, बसा की."

ते वाकले नाहीत. "जा तू. दुसरी बस धरतो."

"अहो, घरीच निघालोय."

"एकट्याची गाडी हाय न्हवं? तूच सांगितलंस की मिस्त्रीला." आवाज चढला नव्हता. मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न दिला आणि मी गाडी काढली. रिकामी जागा शेजारी घेऊन घरी आलो.

संध्याकाळी टेप घेऊन जमिनीपासून सीटची उंची मोजली. पूर्वी बावन्न सेंटिमीटर होती, आता अठ्ठेचाळीस. चार सेंटिमीटरच असणार हे मला माहीत होतं. तरी मोजलं.

दुसऱ्या दिवशी, ५ एप्रिलला, आबांना म्हटलं, गॅरेजला चला. गाडी सकाळीच तिथं सोडून आलो होतो, त्यांना रिक्षानं नेलं. मिस्त्रीला सांगितलं, "मागच्या वेळी मी खोटं बोललो. हे माझे वडील. शेजारी हेच बसतात."

मिस्त्रीनं हात पुसले. आत जाऊन एक पोतं ओढत आणलं. त्यात माझे जुने स्प्रिंग होते. "टाकलं न्हवतं. पावण्याचं नाक तुमच्यावानीच हाय की, सायेब. तवाच वळखलंवतं."

नवे शॉकअप तसेच ठेवायचे, पण मऊ करून, आणि स्प्रिंग जुने बसवायचे असं ठरलं. त्यानं पुन्हा चौकट काढली. शेजारच्या चौकोनाशी खडू टेकवून आबांना विचारलं, "किती?"

"बासष्ट," आबा म्हणाले.

मजुरी दोन हजार चारशे झाली. मी पाकीट काढलं, तर आबांनी माझा हात बाजूला सारला आणि आपल्या पेन्शनमधले पैसे सदऱ्याच्या खिशातून काढले. "ऱ्हाऊ दे. माझ्या शीटचं तिकीट हाय, मी काढतो."

मी त्यांना अडवायला हवं होतं. अडवलं नाही. दोन हजार चारशे रुपये आबांनी मिस्त्रीला दिले.