बिलोलीच्या चोपण रानात ज्वारीचं मतदान

"मतदान बघायला येतीस का? उमेदवार समदे ज्वारीचे हायत," सरूमावशी फोनवर म्हणाली आणि माझं ठरलंच. लातूरच्या शाळेत वह्या तपासून मान मोडली होती, निमित्तच हवं होतं.

शनिवारी एसटी धरली. लातूर, अहमदपूर, लोहा, नांदेड. बायकांना निम्मं तिकीट, तेव्हा गाडी खुशाल घरी ठेवा. अहमदपूरच्या स्टँडवर चहा घ्या. भजी डोळ्यांदेखत तळली तरच. पुढे नायगाव, नरसी करत बिलोली, आणि तिथून काळीपिवळी जीप. ती गच्च भरल्याशिवाय हलत नाही. शेजारणीची कोंबडी अर्धी माझ्याच मांडीवर होती, पण तिकीट तिला नव्हतं.

मावशीचं रस्त्याकडेचं रान चोपण आहे. पाऊस झाला की पाणी मुरत नाही, वरच साचतं. वाळलं की पांढरा पापुद्रा धरतं आणि कुदळ मारली तर हात झिणझिणतात. गोदाम बांधायला ते मागणारं गिऱ्हाईक दारात बसलं होतं. मावशीचा मुलगा दत्ता पुरता बेजार झालेला. "ह्या साली चालणारं बी घावलं तर पेरू, न्हाई तर इकून टाकू," असं त्यानं आईला साफ सांगून ठेवलं होतं. मावशीनं नवऱ्यामागं ते रान एकटीनं कसलं होतं. रात्रभर ती कूस बदलत राहिली, मला कळत होतं.

रविवारी सकाळी रानात गेलो. कृषी संशोधन केंद्रातल्या मॅडमनी तिथं पाच वाणांचे पाच पट्टे पेरले होते. सहावा मावशीच्या हट्टाचा, तिच्या सासूच्या घरच्या बियाचा. जमलेल्या प्रत्येक गावकऱ्याला एक लाल फीत. कोणता वाण या जमिनीला चालेल असं वाटतं, त्या पट्ट्यात बांधायची. मला मत नव्हतं, मी पाहुणी.

घोटाळा झाला तो जेवणानं. मावशीनं आधी पंगत बसवली. वांग्याची भाजी, ठेचा, भाकरी, ताक, अहाहा! वाढताना प्रत्येकाला म्हणत होती, "त्यो कडंचा पट्टा माझ्या सासूच्या बियाचा बरं का." मग काय, खाल्ल्या मिठाला जागून मंडळी उठली आणि एकजात सहाव्या पट्ट्यात फिती बांधून आली. आणि तिथली कणसं बघाल तर निम्मी पोचट!

मॅडमनी वही मिटली. दत्ता मान फिरवून रस्त्याकडे बघत उभा. मावशी पट्ट्याशी गेली, एक कणीस चोळून फुंकलं. तळहातावर चार दाणे उरले. मग ती जी भडकली!

"आगं माय, माझ्या भाकरीला मान देऊन राहिले का तुम्ही? रान काय भाकरी खाऊन पिकतंय?"

"सरूबाई, तुझ्या दारात येऊन तुझंच बी कसं पाडावं?" शेजारची गिरजाकाकू पुटपुटली.

"पाड! इज्जत माझी जाईल, रान तर ऱ्हाईल!"

तिनं स्वतः फिती सोडल्या आणि एकेकाच्या हातात परत दिल्या. मला तर रडूच फुटलं.

मग दुसऱ्यांदा मतदान झालं. बायकांनी दाणे दाताखाली फोडून पाहिले, पुरुषांनी कडब्यासाठी ताटांची उंची आणि पानं पाहिली. तिसरा पट्टा लाल झाला. शेवटची फीत मावशीची.

दत्ता बराच वेळ त्या पट्ट्यात फिरला. मग मॅडमना म्हणाला, "ह्याचं बी पुढल्या साली पूर्ण रानाला पुरंल का?"

"पुरवू की. पण रान आहे ना?"

"हाव. हाय."

तिथंच उभं राहून त्यानं गिऱ्हाइकाला फोन लावला, नको म्हणून सांगितलं.

कुणाला असं मतदान बघायचं असेल तर माघात जा, टोपी न्या, आणि यजमानांना सांगा, जेवण नंतर.

घरी येऊन आठवडा झाला. काल मावशीला फोन केला. सासूचं बी ती दरसाल राखेत घोळून मडक्यात ठेवायची, त्याचं काय केलंस, विचारलं.

"धुतलं, वाळवलं आन् दळून आणलं."

"सगळं?"

"समदं. ठिवलं असतं तर पुन्यांदा पेरावं वाटलं असतं." मग म्हणाली, "लई गोड भाकर झाली गं."